बोर्डो मिश्रणाचा जनक मिलार्दे: फवारणी दिली, पण शोध होता स्वतः लढणाऱ्या वेलीचा

ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट आली आणि त्यातच अवकाळी पाऊस पडला, की कसाऱ्याचा घाट चढून पलीकडं नाशिक जिल्ह्यात द्राक्षवाल्याची झोप उडते. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसतो. पान उलटं केलं की डागाच्या बरोबर खाली पांढरी बुरशी. तिकडं याला डावणी म्हणतात, पुस्तकात केवडा. आपल्या मुरबाड, शहापूर, कल्याण भागात काकडी, दोडका, कारल्याच्या मांडवावर येतो तो केवडा याचाच चुलतभाऊ. म्हणून द्राक्षाची ही गोष्ट आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भाजीवाल्यानंही वाचण्यासारखी आहे.

आज दुकानात केवड्यावरच्या बाटल्यांची रांग लागलेली असते. नावं लक्षात राहत नाहीत, भाव लक्षात राहतो. पण या सगळ्यांच्या आधी एक निळं पाणी होतं. मोरचूद आणि कळीचा चुना. कोकणात सुपारीच्या कोळेरोगावर पावसाळ्याआधी तेच मारतात. बोर्डो हे फ्रान्समधलं शहर. तिथल्या ज्या प्राध्यापकामुळं हे मिश्रण जगभर गेलं त्याचं नाव पिएर मारी अलेक्सी मिलार्दे. त्याच्याबद्दल नेहमी सांगतात ती द्राक्षचोरांची गोष्ट. ती खरी आहे आणि मजेशीर पण आहे, खाली सांगतोच. पण तेवढ्यावर थांबलं तर माणूस अर्धाच कळतो. फवारणी हा त्याच्या कामाचा एक भाग होता. बाकी आयुष्य त्यानं घालवलं ते फवारणीच लागू नये अशी वेल शोधण्यात.

मिलार्देचा जन्म १८३८ सालचा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या जुरा भागातल्या एका छोट्या गावातला. शिकायला तो जर्मनीत हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्गला गेला. फ्रायबुर्गला त्याला गुरू मिळाला आंतोन द बारी. हा माणूस म्हणजे बुरशीशास्त्राचा बापच. त्या काळात बऱ्याच शहाण्या लोकांचं म्हणणं असं, की पीक आधी आजारी पडतं आणि मग कुजण्यातून बुरशी तयार होते. द बारीनं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की हे उलटं आहे. बुरशी बाहेरून येते, पानात शिरते आणि मग पीक आजारी पडतं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या करप्यानं दुष्काळ पडून लाखो माणसं मेली होती, त्या करप्याच्या बुरशीचा सगळा जीवनक्रम याच द बारीनं लावला. मिलार्दे त्याच्याकडून पान हातात घेऊन बघायला शिकला. रोग कुठून शिरतो, कुठं अडतो, हे बघायची सवय त्याला तिथली.

पुढं १८६९ ला तो स्ट्रासबुर्गला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. पण लगेच फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध झालं आणि स्ट्रासबुर्ग जर्मनीकडं गेलं. १८७२ ला तो नान्सीला आला आणि १८७६ ला बोर्डोला. तिथून मात्र हलला नाही.

तो बोर्डोला आला तेव्हा फ्रान्सचा द्राक्षवाला देशोधडीला लागला होता. तीस वर्षांत अमेरिकेतून तीन संकटं आली. पहिली भुरी. ती १८४५ ला इंग्लंडमध्ये दिसली आणि तिथून फ्रान्समध्ये पसरली. गंधकाची भुकटी मारून ती कशीबशी आवरली. आपण आजही भुरीवर गंधकच मारतो, तो उपाय तेव्हाचा. दुसरं संकट फिलोक्झेरा. ही मुळावर जगणारी बारीक माशीएवढी कीड, माव्याच्या नात्यातली. ती मूळ टोचते, मुळावर गाठी येतात, गाठी कुजतात आणि वेल उभी वाळते. १८६८ ला ती कोण आहे ते ओळखलं गेलं, पण इलाज काही सापडेना. लोकांनी बागा पाण्यात बुडवल्या, जमिनीत विषारी औषधं टोचली. हजारो कुटुंबांनी गाव सोडलं.

आता यात एक गंमत होती. ही कीड ज्या अमेरिकेतून आली तिथं रानटी द्राक्षवेली मजेत उभ्या होत्या. मग त्या कशा मरत नाहीत? मिलार्दे आणि मोंपेलियेचे प्लांशाँ वगैरे मंडळी या प्रश्नाच्या मागं लागली. मिलार्देनं मुळांचे काप घेऊन बघितले. युरोपच्या वेलीचं मूळ टोचलं की जखम आत खोल जाते आणि सडते. अमेरिकन मुळाला टोचलं की मूळ जखमेच्या खाली बुचासारखा थर तयार करतं आणि जखम बंद करून टाकतं. म्हणजे कीड चावत नाही असं नाही. चावते, पण मूळ तिला पुढं जाऊ देत नाही. रोज त्याच वाटेनं येणाऱ्या चोराला गाव ओळखून असतं, कडी लावून ठेवतं. जिथं चोर कधी आलाच नाही त्या गावात दारं उघडी असतात. युरोपच्या वेलीचं तसं झालं होतं.

यातून कलमाचा उपाय पक्का झाला. खाली अमेरिकन मूळ, वर आपली गोड युरोपियन वेल. आज नाशिक, सांगली, सोलापूरकडं डॉगरिज किंवा ११० आर या खुंटावर थॉमसन, सोनाका भरतात ते याच विचारातून आलेलं. आपल्याकडं खुंट लावतात ते मुख्य करून क्षारपड जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी, फिलोक्झेरासाठी नाही. पण अमेरिकन मूळ आणि वर युरोपियन द्राक्ष ही जोडी तिथलीच.

बोटीनं अमेरिकन वेलींच्या मोळ्याच्या मोळ्या फ्रान्सला येऊ लागल्या. आणि त्यांच्याबरोबर तिसरं संकट आलं. १८७८ ला फ्रान्सच्या बागांत डावणी दिसली. मुळाचं औषध आणायला गेले आणि पानाचा रोग घेऊन आले. मी शेतकरी म्हणून हे वाचलं तेव्हा मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. नवीन रोप आणताना त्याच्याबरोबर काय येतंय हे बघायचं असतं, ते तेव्हाही कोणाला सुचलं नाही, आजही नर्सरीतून रोपं आणताना आपल्याला सुचत नाही.

डावणीनं पानं गळायची. पान गेलं की घडात साखर भरत नाही, दारू पातळ होते, आणि काडी पिकत नाही म्हणून पुढच्या सालाचं पण नुकसान. आणि इथं कलमाचा उपाय चालेना. मुळाला अमेरिकन रक्षण दिलं तरी वरचं पान युरोपियनच राहतं. खुंटाचा पानातला प्रतिकार वरच्या कलमात उतरत नाही. पानाला आपली लढाई आपणच लढायची असते.

ही लढाई नेमकी कशी होते ते थोडं समजून घेऊ, कारण मिलार्देला जे पाहिजे होतं ते यातच आहे.

डावणीच्या बुरशीचे बीजाणू वाऱ्यानं पानावर पडतात. पान ओलं असेल तर त्यातून बारीक पोहणारे जीव बाहेर पडतात. पानावरच्या दवात ते खरंच पोहतात. पोहत पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांशी येतात, ज्या छिद्रांतून पान श्वास घेतं. तिथं चिकटून एक नळी आत सोडतात आणि पेशींतून रस ओढायला लागतात. युरोपियन पानाला हे कळतं, पण उशिरा. तोवर बुरशी पानभर पसरलेली असते.

अमेरिकन रानवेलीचं पान काय करतं? काही जातींच्या पानाखाली दाट लव असते, त्यामुळं पाणी पेशीपर्यंत नीट पोहोचतच नाही. बुरशी छिद्रापाशी आलीच तर पान तिथं चिकट पदार्थाचं बूच बसवतं. त्यातूनही आत गेली तर आजूबाजूच्या पेशी स्वतःहून मरतात. ही बुरशी फक्त जिवंत पेशीवर जगते. भोवतालचं सगळं मेलं की ती उपाशी मरते. पानावर फक्त टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका राहतो. आणि चौथं, पान स्वतःचं औषध बनवतं. त्याचं नाव रेसव्हेराट्रॉल. १९७६ साली इंग्लंडच्या दोन संशोधकांनी द्राक्षाच्या पानात रोग आल्यावर ते तयार होतं हे दाखवलं. त्यापासून पुढं व्हिनिफेरिन नावाचं जास्त कडक औषध तयार होतं, ते बुरशीच्या पोहणाऱ्या जीवांना मारतं. गंमत म्हणजे हे औषध बनवण्याची कला आपल्या थॉमसनसारख्या युरोपियन वेलीतही आहे. पण तिथं ते उशिरा बनतं, कमी बनतं, आणि बरंचसं साखरेला जोडून निरुपद्रवी होऊन जातं. कोयता घरात आहे, पण म्यानातून निघत नाही, असं समजा.

भुरीचं थोडं वेगळं. तिला पानावर पाणी साचलेलं लागत नाही आणि ती छिद्रातून न येता वरून थेट साल भोसकते. तिच्याविरुद्ध पान त्या जागी आतून भिंत जाड करतं. कोवळे मणी भुरीला लगेच बळी पडतात, पण मणी लागल्यावर काही आठवड्यांनी स्वतःच दाद देईनासे होतात. म्हणून फुलोरा आणि बारीक मण्याचे दिवस सांभाळा असं द्राक्षवाले सांगतात.

मिलार्देच्या काळात रेसव्हेराट्रॉल वगैरे काही माहीत नव्हतं. त्याला एवढं दिसत होतं की काही वेलींच्या पानावर डाग येतो आणि तिथंच थांबतो, काहींच्या पानावर तो थांबत नाही. हा थांबणारा गुण गोड द्राक्षात कसा आणायचा, हा त्याचा प्रश्न. म्हणून त्यानं अमेरिकन आणि युरोपियन वेलींचे संकर करायला घेतले. दक्षिण फ्रान्समधल्या पेझेनास गावाकडचे जमीनदार शार्ल द ग्रासे त्याला साथीला होते. १८८२ साली त्यांनी केलेल्या संकरांतले काही आजही जगात लावले जातात. पण त्याबद्दल नंतर, कारण त्याच १८८२ च्या ऑक्टोबरात ती चोरांची गोष्ट घडली.

बोर्डोच्या उत्तरेला मेदोक नावाचा द्राक्षपट्टा आहे. तिथं साँ-झ्युलियाँ गावातून मिलार्दे चालला होता. त्या साली डावणीनं सगळीकडं पानगळ केली होती. आणि रस्त्याच्या कडेच्या ओळींवर मात्र पानं हिरवीगार. आतल्या ओळी बोडक्या, कडेच्या भरलेल्या. आपण असतो तर म्हटलं असतं, रस्त्याची धूळ बसली असेल. मिलार्दे थांबला आणि पानं बघितली. वरच्या बाजूला निळसर पांढरा थर होता. त्यानं बागेचे कारभारी अर्नेस्त दाव्हिद यांना गाठलं. त्यांनी सांगितलं की येणारे जाणारे द्राक्षं तोडून खातात, म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतो. विषारी दिसलं की कोणी हात लावत नाही. त्या भागातली ती जुनी रीत होती.

चोरांना घाबरवायला मारलेलं पाणी बुरशीलाही अडवत होतं. तिथल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढं हे वर्षानुवर्षं होतं. फरक एवढाच की मिलार्देच्या डोक्यात प्रश्न आधीपासून तयार होता. तांब्याचा बुरशीशी संबंध आधीही एकाला दिसला होता. १८०७ साली प्रेव्हो नावाच्या स्विस माणसानं लिहिलं होतं की तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात गव्हाच्या काणीचे बीजाणू उगवत नाहीत. पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

मिलार्देनं लगेच बोभाटा केला नाही. पुढची तीन वर्षं तो दाव्हिद यांना घेऊन बागेत चाचण्या करत राहिला. तांबं, लोखंड, चुना, वेगवेगळं आणि एकत्र करून बघितलं. रसायनाची बाजू बघायला विद्यापीठातले युलिस गेयाँ होते. ते लुई पाश्चर यांचे शिष्य. १८८५ ला डावणी जोरात आली आणि फरक उघडा पडला. मारलेले पट्टे हिरवे, न मारलेले उघडे. त्याच वर्षी त्यानं सगळी कृती छापून टाकली.

पहिलं प्रमाण ऐकाल तर चाट पडाल. शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद, आणि वेगळ्या तीस लिटर पाण्यात पंधरा किलो चुना. दोन्ही एकत्र. आज आपण एक टक्का करतो तेव्हा शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतो, त्या मानानं ती खीरच. पंप तेव्हा नव्हते. माणूस एका हातात भांडं आणि दुसऱ्या हातात काटक्यांची झाडणी घेऊन पानांवर शिंपडत जायचा. पुढं प्रमाण खूप कमी झालं आणि पाठीवरचे पंप आले.

मिलार्देला एक गोष्ट तेव्हाच कळली होती, जी आपल्याकडं अजून पुष्कळांना कळत नाही. बुरशी पानात शिरल्यावर हे औषध काही करत नाही. ते पानावर बसून राहतं. दव पडलं की त्यातलं थोडं तांबं विरघळतं आणि पोहणारा जीव छिद्रापर्यंत जायच्या आत मरतो. जे काम अमेरिकन पान आतून करतं ते बोर्डो बाहेरून करतं. म्हणून रोग दिसायच्या आधी मारायचं. डाग दिसल्यावर बादल्या ओतून उपयोग नाही.

कृती आपल्या लोकांना माहीत असते, तरी दोन गोष्टी. लोखंडी भांडं नको, प्लॅस्टिक किंवा मातीचं घ्या. आणि तयार झाल्यावर लोखंडी विळा घासून त्यात बुडवा. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पान भाजेल. काकडीवर्गीय कोवळ्या वेली तांब्याला नाजूक असतात, तिथं कृषी सहायकाला विचारल्याशिवाय मारू नका.

शोध गाजला तसे हक्क सांगणारेही आले. बर्गंडीकडच्या लोकांचं म्हणणं होतं की मोरचुदात बुडवलेल्या खांबांजवळची पानं हिरवी राहतात हे आम्हीही बघितलं. तेही खरंच होतं. पण तीन वर्षं राबून कृती, प्रमाण आणि कारण असं सगळं एकत्र मांडणारा मिलार्दे होता. बटाट्यापासून टोमॅटोपर्यंत जगभर हे मिश्रण गेलं. ज्या करप्यानं आयर्लंडमध्ये माणसं मेली त्यावरही ते चाललं, फक्त चाळीस वर्षं उशिरा.

मिलार्देच्या जागी दुसरा असता तर इथं थांबला असता. तो परत संकरांकडं गेला. कारण फवारणीचा हिशेब शेतकऱ्याच्या मानगुटीवर कायमचा बसतो हे दिसत होतं. पाऊस आला की धुऊन जातं, परत मारा. नवीन फूट आली की तिच्यावर औषध नसतं, परत मारा. आणि तांबं कुजत नाही. बोर्डोच्या जुन्या बागांच्या मातीत पिढ्यान् पिढ्यांचं तांबं साठलेलं आहे. आज युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या वर तांबं घालायला बंदी आहे, सेंद्रिय शेतीवाल्यालाही.

संकरांचं यश अर्धं आलं. मुळाच्या बाबतीत पूर्ण. मिलार्दे आणि द ग्रासे यांच्या ४१ बी आणि १०१-१४ या खुंटांवर आजही बागा उभ्या आहेत. शॅम्पेन भागातल्या चुनखडीच्या जमिनीत ४१ बी तर फारच चालला. पानाच्या बाबतीत मात्र गाडी अडली. ज्या संकरात पान लढायचं त्यात फळाला अमेरिकन द्राक्षाचा उग्र वास यायचा, आणि जिथं फळ गोड तिथं पान लेचंपेचं. नंतर १९३४ ला तर फ्रान्स सरकारनं अशा सहा जातींवर कायद्यानं बंदी घातली. लोकांना स्वस्त आणि खात्रीची फवारणी मिळाली होती, मग लढणाऱ्या पानाची घाई कोणाला? माझ्या मते मिलार्देच्या फवारणीनंच मिलार्देच्या वेलीला मागं टाकलं.

तो स्वतः डिसेंबर १९०२ मध्ये बोर्डोलाच गेला, चौसष्टाव्या वर्षी.

त्याचं राहिलेलं काम आता दुसरे करतात आणि त्यात आपल्या पुण्याचंही नाव आहे. आघारकर संशोधन संस्थेनं कटावबा या अमेरिकन लाब्रुस्का गटातल्या जातीचा आणि ब्युटी सीडलेस या युरोपियन जातीचा संकर करून एआरआय-५१६ ही जात काढली. बुरशीच्या रोगांना ती दाद देत नाही. मण्यात बी आहे, त्यामुळं निर्यातीच्या पेटीत ती बसत नाही, पण रसासाठी चांगली आहे. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे, तिथंही वेली आणि रोगांवर काम चालतं. बिनबियांचा, गोड, लांब मणी आणि डावणीला स्वतः थोपवणारं पान असं एकाच वेलीत अजून आपल्या बाजारात आलेलं नाही. कल्याणच्या बाजार समितीत फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची जी द्राक्षं उतरतात ती बहुतेक थॉमसनच्या घराण्यातली, म्हणजे उघड्या दाराच्या गावातली. त्यांच्या पानाला कडी बाहेरूनच लावावी लागते, दर छाटणीला, दर पावसानंतर.